वाचकांचे प्रश्न : दार-खिडकीचा बिनतारी अलार्म

कापूस घरात येऊ लागला आणि हरभऱ्याला पाणी देण्याच्या रात्री सुरू झाल्या की या सदराकडे घराच्या राखणीविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांपैकी दार-खिडकीला लावायच्या बिनतारी अलार्मविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे मुद्दाम गाळली आहेत, कारण कोणाच्या घरी रात्री कोण नसते हे छापून जाहीर करण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : आमचे घर गावाच्या टोकाला आहे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच मिळत असल्याने मी आणि धाकटा भाऊ ओलिताला किंवा जागलीला जातो. घरी आई, पत्नी आणि दोन मुले असतात. भाव वाढेल या आशेने समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवला आहे. आईला कमी ऐकू येते. दाराला लावायचा अलार्म काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतो. कोणता घ्यावा आणि कसा बसवावा? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : अलार्म चोराला अडवीत नाही, तो फक्त हाक मारतो. म्हणून यंत्र निवडण्याआधी ही हाक कोणी ऐकायची आणि ऐकल्यावर काय करायचे, हे घरात बसून ठरवावे लागते. आपण नसताना ती ऐकू शकणारी मोठी व्यक्ती घरात एकच आहे, आपली पत्नी. आणि तिने एकटीने दाराकडे धावत जावे, अशी अपेक्षा कोणीच करू नये. ही गोष्ट लक्षात ठेवली की निवड बरीच सोपी होते.

सर्वांत स्वस्त प्रकारात चुंबक, सेल आणि भोंगा एवढेच असते. दार उघडले की दारावरची डबीच ओरडते. दुसऱ्या प्रकारात दारावरची डबी, म्हणजे सेन्सर, स्वतः वाजत नाही. ती घरातल्या मुख्य यंत्राला बिनतारी संकेत पाठवते आणि ते यंत्र भोंगा वाजवते, शिवाय ठरवून दिलेल्या क्रमांकांवर फोनही लावते. मूळ युक्ती दोन्हींत सारखीच आहे. काचेच्या बारीक नळीत लोहमिश्रणाच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चुंबक जवळ असेपर्यंत त्या एकमेकींना चिकटलेल्या राहतात आणि दार उघडून चुंबक दूर गेला की सुटतात. ‘रीड स्विच’ नावाची ही कळ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी 1936 मध्ये तयार केली. इतक्या वर्षांत तीत फारसा बदल करावा लागलेला नाही, यावरूनच तिचा भरवसा कळतो.

आता आवाजाकडे पाहू. खोक्यावर 110 डेसिबल लिहिलेले असले तरी तो आकडा भोंग्याजवळचा, बहुधा मीटरभर अंतरावरचा असतो. मोकळ्या हवेत अंतर दहापट झाले की आवाज 20 डेसिबलने उतरतो, म्हणजे शंभर मीटरवर तो 70 च्या आसपास राहतो, आणि मध्ये मातीची किंवा विटांची भिंत आली तर त्याहूनही खाली जातो. हिवाळ्याच्या शांत रात्री एवढा आवाज शेजारी जाईल. मे महिन्यात मात्र आपल्याकडे घरोघरी कूलर घरघरत असतो आणि निम्मे गाव गच्चीवर किंवा अंगणात झोपलेले असते, त्यामुळे बंद घरात वाजलेली छोटी डबी कूलरशेजारी झोपलेल्या माणसाला जागे करील याची खात्री देता येत नाही. त्यातच आपले घर टोकाला आहे.

म्हणून आपल्यासाठी मुख्य यंत्र असलेला संचच योग्य ठरेल. त्याचा मोठा भोंगा घराबाहेर, पडवीच्या आढ्याखाली, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर आणि जवळच्या शेजाऱ्याच्या घराकडे तोंड करून बसवावा. दुसरा लहान भोंगा पत्नी झोपते त्या खोलीत असावा. आईसाठी त्याच यंत्राला जोडता येणारा लुकलुकणारा दिवा मिळतो. जागे असताना तो त्यांच्या लक्षात येईल, पण गाढ झोपेतल्या माणसाला नुसता दिवा उठवीलच याचा भरवसा धरू नये. फोनसाठी आपला आणि भावाचा क्रमांक टाकावा, आणि त्यांच्या संमतीने एका शेजाऱ्याचा व पोलीस पाटलांचाही. 112 हा क्रमांक यंत्रात भरू नये. मांजरीने दार ढकलल्यावर यंत्राने आपोआप पोलिसांना बोलावले, तर पुढल्या खऱ्या वेळी आपल्याच शब्दाची किंमत कमी होते. तो क्रमांक माणसाने, खात्री करून, स्वतः फिरवावा.

बसवण्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण यंत्राबरोबर येणारी चित्रे शहरी एकपल्ली दाराची असतात आणि आपल्याकडचे जुने सागवानी दार दोन पल्ल्यांचे असते. एकपल्ली दारात सेन्सर चौकटीवर आणि चुंबक पल्ल्यावर, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, वरच्या कोपऱ्यात लावतात. दोन पल्ल्यांच्या दारात असे केले तर एकाच पल्ल्यावर पहारा राहतो. तेथे सेन्सर एका पल्ल्यावर आणि चुंबक दुसऱ्या पल्ल्यावर, दोन्ही वरच्या टोकाला समोरासमोर लावावेत, म्हणजे कोणताही पल्ला हलला तरी कळ सुटते. एका पल्ल्याला मधली उभी पट्टी असल्याने दोन्ही भाग एका पातळीवर येत नाहीत. खालच्या भागामागे प्लायवुडचा तुकडा ठेवून पातळी जुळवावी. दोन्ही डब्यांवर बाणाची किंवा रेषेची खूण असते. त्या खुणा एकमेकींसमोर आणि मधले अंतर एक सेंटिमीटरच्या आत असले की बहुतेक सेन्सर नीट चालतात.

आणि हे सगळे करण्याआधी दाराची कडी, कोयंडा आणि आतली आगळ तपासून घ्यावी. एका धक्क्यात उघडणाऱ्या दारावर अलार्म लावल्यास घरच्यांना जागे होऊन फोन करायला वेळच मिळत नाही. आगळ पक्की असेल तर चोर दाराशी झटत असतानाच पल्ला हलतो, भोंगा वाजतो आणि दार मात्र बंदच असते. पैसे कमी असतील तर ते आधी सुताराला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : घराच्या लाकडी दारावर आणि शेतमालाच्या खोलीच्या लोखंडी दारावर एकाच कंपनीचे सेन्सर लावले. लोखंडी दाराचा पहिल्या दिवसापासून धड चालत नाही. लाकडी दाराचा पावसाळ्यात ठीक होता, पण आता रात्री-अपरात्री आपोआप वाजतो. यंत्र सदोष समजावे काय? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : बहुधा नाही. लोखंड चुंबकाचे बळ स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे लोखंडी पत्र्यावर थेट चिकटवलेल्या चुंबकाचा जोर सेन्सरपर्यंत अपुरा पोहोचतो. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये सुमारे एक सेंटिमीटर जाडीचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घालून पाहावे. चौकटही लोखंडी असल्यास सेन्सरखालीही तसाच तुकडा घालावा. तरीही जमले नाही तर शटर आणि लोखंडी गेटसाठी मोठ्या चुंबकाचे, जास्त अंतर सोसणारे वेगळे सेन्सर मिळतात, ते घ्यावेत.

लाकडी दाराचा दोष ऋतूचा दिसतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि दार चौकटीत घट्ट बसते. पुढे हवा कोरडी झाली की ते आकसते, फट वाढते आणि वाऱ्याने पल्ला खडखडू लागतो. अंतर आधीच काठावर असेल तर तेवढ्या हालचालीनेही कळ सुटते. याची परीक्षा सोपी आहे. भोंगा बंद ठेवून चुंबक हातात घ्यावा, सेन्सरच्या खुणेसमोर धरावा आणि रुळपट्टी लावून हळूहळू मागे न्यावा. सेन्सरवरचा बारीक दिवा जेथे चमकतो ते त्याचे शेवटचे अंतर. दार बंद असताना फट या अंतराच्या निम्म्याहून कमी राहील असे चुंबकाचे स्थान बदलावे.

आणखी एक कारण तपासावे. सेन्सरसोबत मिळणारी दोन्हीकडून चिकटणारी पट्टी आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात मऊ पडते, आणि चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर तर ती रंगाच्या पापुद्र्यासह निघून येते. एकदा घसरलेली डबी हिवाळ्यातही तिरपीच राहते. स्क्रूनेच बसवावे आणि स्क्रूसाठी भोक ड्रिलने पाडावे. डबी चौकटीवर धरून हातोडीने खिळा ठोकू नये, कारण तो हादरा आतल्या काचेच्या नळीला सोसत नाही.

प्रश्न : आमच्या घरावर कवेलू आहेत आणि खिडक्यांना गज आहेत. सर्व दारे-खिडक्यांना सेन्सर लावल्यास घर सुरक्षित झाले असे समजावे काय? (साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : तसे समजू नये. दारावरचा सेन्सर दार उघडल्याचेच सांगतो. कवेलू बाजूला करून कोणी आत उतरला किंवा मातीच्या भिंतीला भगदाड पाडले, तर त्याला काहीच कळत नाही. भक्कम गज असलेल्या प्रत्येक खिडकीला सेन्सर लावण्याऐवजी तो पैसा माजघरात एक हालचाल टिपणारा सेन्सर लावण्यात घालावा. तो शरीराची उष्णता आणि तिची हालचाल ओळखतो. यात आपल्याकडची एक अडचण आहे, ती विक्रेते सहसा सांगत नाहीत : उन्हाळ्यात खोलीच्या भिंतीच शरीराइतक्या तापलेल्या असल्या, की माणूस आणि भिंत यांतला फरक त्याला नीट कळत नाही आणि तो मंदावतो. त्याचे तोंड चुलीकडे किंवा ऊन येणाऱ्या झरोक्याकडे नसावे. घरात मांजर असेल, किंवा रात्री पाणी प्यायला उठणारे कोणी असेल, तर तो घरातले सगळे बाहेरगावी गेल्यावरच चालू ठेवावा.

प्रश्न : मोबाइलवर संदेश पाठवणारा अलार्म घेतला. विक्रेत्याने दाखवला तेव्हा चालला. घरी मात्र कधी संदेश येतो, कधी येत नाही. लाइट गेली की सगळेच थंड. (वरोरा तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : आपले यंत्र वायफायवर चालते की सिमकार्डावर, हे पत्रात लिहिलेले नाही, म्हणून दोन्हींविषयी सांगतो. वायफायचे असल्यास वीज गेल्यावर राउटर बंद पडतो आणि संदेशाची वाटच तुटते. सेन्सर स्वतःच्या सेलवर जागा असला तरी उपयोग होत नाही. राउटर आणि मुख्य यंत्र दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावेत, किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. असे सेन्सर साधारणपणे 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. मातीच्या जाड भिंती त्या शोषतात आणि टिनपत्रे त्या परतवतात, म्हणून राउटर पत्र्याच्या खोलीत ठेवू नये.

सिमकार्डाचे असल्यास ते कोणत्या जाळ्यावर चालते ते पाहावे. स्वस्त यंत्रांपैकी बरीच 2जीची असतात. जिओचे जाळे 4जी आणि 5जीचे असल्याने त्यांचे सिम 2जीच्या यंत्रात चालत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम घालावे लागते, आणि ज्या खोलीत यंत्र ठेवायचे तेथे त्या कंपनीची रेंज आहे का, हे साध्या बटनांच्या फोनने आधी पाहावे. सिमचे रिचार्ज संपलेले तर नाही ना, हेही बघावे. घरात न दिसणाऱ्या सिमचे रिचार्ज हमखास विसरले जाते. या यंत्रांत वीज गेल्यावर काही तास पुरेल अशी बॅटरी आत असते. ती निकामी झाली की यंत्र विजेबरोबरच बंद पडते, आणि तुमच्या लक्षणांवरून हा संशय मोठा आहे. अडॅप्टर काढून यंत्र किती वेळ चालते ते दिवसा पाहून घ्यावे. त्याच बैठकीत कारखान्यातून आलेला गुप्त क्रमांकही बदलावा. तो बहुधा 1234 सारखा असतो आणि माहितीपुस्तिकेत सर्वांसाठी छापलेला असतो.

प्रश्न : सेल किती दिवसांनी बदलावेत? लहान मुले असलेल्या घरी काही काळजी घ्यावी काय? (मेहकर तालुका, जि. बुलडाणा)

उत्तर : दिवस मोजण्यापेक्षा तपासणीचा वार ठरवावा. बाजाराच्या दिवशी सकाळी यंत्र चालू करून प्रत्येक दार एकदा उघडावे आणि भोंगा वाजतो की नाही ते पाहावे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. आवाज दबका झाला किंवा सेन्सरवरचा दिवा फिका पडला की सेल बदलावेत, आणि एकाहून अधिक सेल लागत असतील तर जुना-नवा एकत्र घालू नये.

मुलांविषयीचा आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अनेक सेन्सरांत चपटे बटन सेल असतात. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मूल खेळत-हसत असले तरी थांबू नये, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि जेथे एक्स-रेची सोय आहे अशा रुग्णालयात ताबडतोब न्यावे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारा सेन्सरच घ्यावा. काढलेला सेलही निर्धोक नसतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा आणि तालुक्याला गेल्यावर इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.

चौकटीवरचा सेन्सर मुलाचा हात पोहोचणार नाही इतका उंच लावावा, पण सेल बदलायला स्टुलावर चढून आपला हात पोहोचेल इतकाच.