हापूसच्या ४० कलमांवर नवीन टॉनिक आजमावायचं आहे. एका ओळीला घालून दुसरी तशीच सोडली तर फरक कळेल का?

नाही कळणार. नेमका हाच प्रयोग आमच्या काकांनी देवगडच्या बागेत केला होता. त्यावरून घरात अजून वाद आहे.

एका विक्रेत्याच्या भरीला पडून काकांनी विहिरीकडच्या ओळीला टॉनिक घातलं, कातळावरची ओळ सोडली. मे महिन्यात विहिरीकडची ओळ लगडली. "डोळ्यांनी दिसतंय की!" मी तेव्हा नुकताच बी.एस्सी. ॲग्री करून आलेलो. म्हटलं, काका, तिकडे कंबरभर माती, इकडे सुरुंग लावून काढलेले खड्डे. त्यात कातळावरच्या कलमांनी आदल्या साली भरपूर दिलेलं, यंदा ती दमलेलीच असणार. तुम्ही टॉनिक नाही, माती मोजलीत. "आता तू मला आंबा शिकवणार?" झालं!

दुसऱ्या साली मी केलं. आधीच्या दोन वर्षांचं उत्पन्न आणि कलम बांधलेल्या जोडाच्या वर ठरावीक उंचीवर बुंध्याचा घेर बघून सारख्या वकुबाच्या कलमांच्या २० जोड्या लावल्या. जोडीत टॉनिक कुणाला, ते नाणं उडवून. काका नाण्यालाच हसले. पण हापूसची काडी एकच असली तरी खालची रायवळ कोय प्रत्येक कलमाची वेगळी, शेजारची दोन कलमंही सारखी वागत नाहीत. म्हणून एकेका उपचाराला (टॉनिक घालणं हा एक, न घालणं हा दुसरा) चार-चार कलमांचा गठ्ठा देण्यापेक्षा एकेक कलम घ्या आणि जोड्या वाढवा. दोनच उपचार असले तरी निदान १३ जोड्या हव्यात.

दुसऱ्या तोडणीला गड्यांनी क्रेट मिसळले, तीन जोड्या वाया गेल्या. तेव्हापासून बुंध्यावरचा नंबर क्रेटवर आधी लिहितो, मगच माणूस झाडावर चढतो. उरलेल्या १७ जोड्यांत टॉनिकवालं कलम ९ ठिकाणी पुढे, ८ ठिकाणी मागे. काका म्हणाले, "त्या वर्षी हवाच खराब होती." हवा काय फक्त टॉनिकवाल्या कलमांना लागली?

हां, कल्टार (वाढ रोखून मोहोर आणायला मातीत घालतात ते औषध) घातलेली कलमं यात घेऊ नका, ते मातीत पुढच्या वर्षीही रेंगाळतं. टॉनिक आळ्यात ओतायचं असेल तर शेजारच्याची मुळंही ते खातात, मध्ये एक कलम मोकळं सोडावं लागेल. मग ४० मधून १३ जोड्या निघणं कठीण, तेही खरं. आणि एका हंगामावर निकाल लावू नका, त्याच जोड्या दोन वर्षं तरी चालवा.

विहिरीकडची ओळ एका सालाआड टॉनिकशिवायही तशीच लगडते. वही माझ्याकडे आहे.