घरच्या नासवरची आणि क्लाउडवरची गाणी फोनवर ऐकण्यासाठी कोणते ॲप वापरावे?

तुमच्याकडे सुमारे 180 जीबी गाणी आहेत, त्यांतली काही गूगल ड्राइव्हवर आणि काही घरच्या नासवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) आहेत, आणि ती सगळी अँड्रॉइड फोनवर एकाच ॲपमधून ऐकता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. येतील. सिम्फोनियम हे ॲप दोन्ही ठिकाणची गाणी एकाच यादीत दाखवते. काही दिवस वापरून पाहिल्यावर ते एकदाच विकत घ्यावे लागते, आणि ते पैसे वाया जात नाहीत. फक्त घरातल्या घरात ऐकायचे असेल, तर व्हीएलसीसुद्धा नासचे फोल्डर थेट उघडते. पण ॲपचा प्रश्न नंतरचा आहे. मूळ प्रत कोठे राहणार आणि ती पुसण्याचा अधिकार कोणाला असणार, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता मी एकदा पुढे गेले होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझे वडील मिरजेचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी होणारी संगीतसभा त्यांनी सहसा चुकवली नाही. तेथे आणि घरगुती बैठकांत, गाणाऱ्यांची परवानगी घेऊन, त्यांनी केलेली ध्वनिमुद्रणे 214 कॅसेटींमध्ये होती. प्रत्येक कॅसेटला क्रमांक होता आणि त्या क्रमांकापुढे एका वहीत गायक, राग, ताल आणि साथीदार यांची नोंद होती. बाबा गेल्यावर त्या कॅसेटी मी संगणकावर उतरवल्या. 90 मिनिटांची कॅसेट उतरवायला 90 मिनिटेच लागतात, त्यात घाई करता येत नाही; एकूण 321 तासांचे हे काम नोकरी सांभाळून दोन वर्षे चालले. सगळे फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवल्यावर सुमारे 120 जीबी झाले.

टोरांटोत राहणारा माझा थोरला भाऊ पहिल्यापासून सांगत होता की हे सगळे क्लाउडवर टाक, म्हणजे ते सुरक्षितही राहील आणि आम्हा सर्वांना ऐकताही येईल. घरातल्या पेटीत डिस्क ठेवून काय साधणार, ती कधी ना कधी बंद पडणारच, असे त्याचे म्हणणे होते. मी ऐकले. फोल्डर क्लाउडवर चढवले, त्याच्या संगणकाशी आणि माझ्या संगणकाशी सिंक केले, आणि आता दुसरी प्रत कशाला, असे त्याने म्हटल्यावर 178 व्या कॅसेटनंतर बाहेरच्या डिस्कवर प्रत घेणेही थांबवले. काही महिन्यांनी दादाच्या लॅपटॉपमधली जागा संपली. ती आपल्याकडची केवळ एक प्रत आहे असे समजून त्याने ते फोल्डर पुसले. सिंकचे काम सर्व ठिकाणी सारखी स्थिती ठेवणे हेच असल्यामुळे ते क्लाउडवरून गेले आणि माझ्या संगणकावरूनही गेले. पुसलेल्या फाइली 30 दिवस परत मिळवता येत होत्या. मला हे कळले ते बाबांच्या श्राद्धाच्या दिवशी, सहा आठवड्यांनी.

पहिल्या 178 कॅसेटी बाहेरच्या डिस्कवर होत्या. उरलेल्या 36 पुन्हा उतरवायला घेतल्या, तर चार कॅसेटींच्या फितीला बुरशी येऊन थर एकमेकांना चिकटले होते आणि फीत वाजवताना तुटत गेली. त्यांतल्या एकीपुढे वहीत बाबांच्या अक्षरात ‘पहाटेचा ललत, तबल्याची साथ उत्तम’ एवढीच नोंद आहे. दादा आजही म्हणतो की कॅसेटी तशाही खराब होणारच होत्या. होणारच होत्या, म्हणूनच तर त्या उतरवल्या होत्या.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, आणि क्लाउडवरचे सामायिक फोल्डर म्हणजे संग्रहालय नव्हे. मूळ प्रत घरच्या नासवर ठेवा, दुसरी प्रत एरवी कोठेही न जोडलेल्या डिस्कवर ठेवा, आणि तिसरी क्लाउडवर ठेवा. मात्र ती एकाच दिशेने जाणारी असावी, म्हणजे तेथे काही पुसले गेले तरी घरी काहीही होता कामा नये.

ऐकण्यासाठी मी नासवर नॅव्हिड्रोम हा मोफत, मुक्तस्रोत सर्व्हर बसवला आहे. तो सर्व फाइलींचे टॅग, म्हणजे फाइलीतच लिहिलेली गायक, गाण्याचे नाव अशी माहिती, वाचून एकदाच सूची तयार करतो. ॲप थेट क्लाउडच्या फोल्डरला जोडले, तर टॅग वाचण्यासाठी त्यालाच एकेक फाइल मागवावी लागते आणि मोठ्या संग्रहात पहिली यादी होईपर्यंत माणूस कंटाळतो. नॅव्हिड्रोम सबसॉनिक या जुन्या संगीत-सर्व्हरची ॲपशी बोलण्याची पद्धत पाळतो, त्यामुळे सिम्फोनियम त्याला जोडता येते. घराबाहेर असताना तो फ्लॅकचे ओपस या लहान आकाराच्या स्वरूपात रूपांतर करून पाठवतो; 128 केबीपीएसला तासाला सुमारे 58 एमबी लागतात आणि प्रवासात तेवढा दर्जा पुरेसा असतो. बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यासाठी राउटरचे पोर्ट उघडू नका. आपल्याकडे बहुतेक घरांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळतही नाही. टेलस्केल हे आपली उपकरणे खाजगी जाळ्यात जोडणारे ॲप सर्व्हरवर आणि फोनवर बसवले की ही अडचण सुटते.

शास्त्रीय संगीत असेल तर आणखी दोन गोष्टी. ॲपमध्ये दोन फाइलींमध्ये खंड न पडू देण्याची सोय हवी, कारण कॅसेटची बाजू बदलताना ख्याल तुटतो तेवढे पुरे आहे, विलंबितातून द्रुतात जाताना पुन्हा शांतता नको. आणि टॅगमध्ये रागासाठी वेगळा रकाना नसतो. मी ‘जॉनर’च्या (संगीतप्रकाराच्या) जागी राग लिहिते, म्हणजे कोणत्याही ॲपमध्ये सगळे यमन एकत्र दिसतात. नाव एकाच तऱ्हेने लिहावे, नाहीतर भीमपलास आणि भीमपलासी असे दोन राग यादीत तयार होतात.

तुमचा संग्रह मुख्यतः चित्रपटगीतांचा असेल आणि ती गाणी कोणत्याही सेवेवर मिळत असतील, तर एवढा खटाटोप करण्याची गरज नाही, हेही सांगायला हवे. खाजगी ध्वनिमुद्रणे असतील तर ती घरच्या माणसांपुरतीच ठेवावीत. बाबांनी परवानगी घेतली होती ती स्वतः ऐकण्यासाठी.

दादाच्या टोरांटोतल्या फोनवरही आता माझ्याच सर्व्हरवरचे खाते आहे. तो रोज सकाळी कामावर जाताना ऐकतो, याचे मला समाधान आहे. त्या खात्यावरून सर्व काही ऐकता येते, एकही फाइल पुसता येत नाही.