'डी' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलने बरं वाटतंय म्हणून दम्याचा पंप सोडायचा का? (लांबलचक आहे, माफ करा)

तुमची पोस्ट वाचून अंगावर काटाच आला. तुमच्या आई ५८ वर्षांच्या, दमा जुना, रक्तात 'डी' ११ म्हणजे कमी निघालं, ६०,००० युनिटच्या कॅप्सूल सुरू झाल्या. दोन महिन्यांत "छाती मोकळी झाली", आणि आता त्या म्हणताहेत की पंपाची (इन्हेलरची) सवय लागते, तो सोडून सी आणि ई जीवनसत्त्वं सुरू करू. माझं 'डी' ९ होतं. बाकी गोष्ट शब्दन् शब्द हीच.

मी डॉक्टर नाही. निवृत्त शिक्षिका आहे, चिपळूणला राहते आणि ३१ वर्षं दम्याबरोबर संसार करतेय. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा, औषधाची चिठ्ठी नव्हे. धूळ, उदबत्ती, फोडणीचा ठसका हे सगळं तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

आमच्या इथे फेब्रुवारीत एका तपासणी केंद्राचं शिबिर होतं. नाव घेत नाही. सगळ्या तपासण्या एका पॅकेजमध्ये, आणि रिपोर्टवर 'डी'चा आकडा लाल अक्षरात. रिपोर्ट हातात द्यायला जी मुलगी बसली होती तिने बरोबर डी, सी, ई, झिंक आणि 'फुप्फुसांसाठी' म्हणून एक डबा दिला. ४,८०० रुपये. "आतून ताकद आली ना काकू, की पंप लागतच नाही." कुठला पंप, रोजचा की अडीनडीचा, हेसुद्धा तिने विचारलं नाही. आणि मी, आयुष्यभर पोरांना 'का?' विचारायला शिकवणारी, मान डोलावून पैसे मोजून आले.

मार्च झाला, एप्रिल झाला. काय सांगू, जिना चढताना दम नाही, रात्रीचा खोकला नाही. एप्रिलच्या मध्यावर रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद केला. डॉक्टरांना सांगितलं नाही, ओरडतील म्हणून. पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, आणि फसगत होते ती इथेच. त्या पंपाचा परिणाम आज बंद केला की उद्या संपला असा नसतो, तो हळूहळू ओसरतो. आपल्याला वाटतं, बघा, गरजच नव्हती.

आता माझा खरा गाढवपणा ऐका. फुंकर मारून आकडा बघायचं ते पीक फ्लो मीटर माझ्याकडे आहे, आणि नऊ वर्षांची वही आहे. फ्रिजवर ठेवलेली असते. त्या वहीत दर वर्षी एप्रिल-मे ३७०, ३८०. दर वर्षी! तेव्हा कुठलं 'डी' नव्हतं. माझा दमा उन्हाळ्यात झोपतो आणि पावसात उठतो, एवढं सरळ माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी मागची पानं उलटलीच नाहीत. उलट बरं वाटतंय म्हणून वही लिहिणंही सोडलं.

जूनअखेर कपाटांना वास यायला लागला, भिंतीला बुरशी धरली. निळा, अडीनडीचा पंप दिवसातून सहा-सात वेळा ओढत होते आणि मोजत नव्हते. जुलैत एका रात्री वाक्य पुरं करता येईना. मीटरवर १७०. माझ्या ३८०च्या निम्म्याहून खाली, म्हणजे लाल, धोक्याचा पट्टा. पाच दिवस दवाखान्यात. स्टेरॉइड नको म्हणून जी बाई २०० मायक्रोग्रॅमचा पंप सोडून बसली होती, तिला रोज ४० मिलीग्रॅमच्या स्टेरॉइडच्या गोळ्या गिळाव्या लागल्या. ४० मिलीग्रॅम म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. हा हिशेब मी तिथल्या पलंगावर पडून केला. वर त्या गोळ्या वारंवार घेतल्या की हाडं ठिसूळ होतात, म्हणजे ज्यासाठी 'डी' घ्यायचं तेच बिघडतं.

नंतर भाच्याला पिडून वाचन केलं. २०१६मध्ये कॉक्रेनचा (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी ही संस्था) आढावा आला होता, त्यात 'डी'मुळे दम्याचे मोठे झटके कमी होतात असं दिसलं होतं. शिबिरवाले हेच सांगत फिरतात. पण कॉक्रेननेच २०२३मध्ये आणखी अभ्यास धरून पुन्हा पाहिलं तेव्हा तो फायदा उरला नाही. मधे २०२०मध्ये अमेरिकेत 'डी' कमी असलेल्या ६ ते १६ वर्षांच्या दमेकरी मुलांना रोज ४,००० युनिट देऊन पाहिलं, झटके कमी झाले नाहीत. सी आणि ई दम्यावर उपयोगी पडतात असा भरवशाचा पुरावा नाही. मला विचाराल तर मुळातच उलटं वाचलं जातं: धाप लागणारा माणूस घरात बसतो, उन्हात जात नाही, मग त्याचं 'डी' कमी निघतं. हे माझं मत हं.

याचा अर्थ आईंनी 'डी' सोडावं असा नाही! ११ कमीच आहे, हाडांसाठी आणि स्नायूंसाठी ते भरून काढायलाच हवं. फक्त ते दम्याचं औषध नाही, एवढंच. आणि किती आठवडे घ्यायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या. ६०,०००ची कॅप्सूल आठवड्याला एक, आणि बहुतेक वेळा आठ आठवडे, मग डोस बदलतो. आठवड्याची कॅप्सूल रोज घेणारे मी पाहिलेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडावर ताण. घरातल्या सगळ्या डब्यांवरचं 'डी' एकत्र मोजा. मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तर ४०ने गुणा, युनिट मिळतील. माझ्या पाचपैकी तीन डब्यांत ते होतं. कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी नको.

घरी कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला बीटा कॅरोटिनच्या (शरीरात ज्याचं 'ए' जीवनसत्त्व होतं त्याच्या) गोळ्या अजिबात देऊ नका. फिनलंडमध्ये १९९४ साली धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला होता. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण असल्या 'फुप्फुसांच्या' डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायची सवय मला त्या दवाखान्याच्या फेरीपासून लागली आहे.

आणि सवयीचं म्हणाल तर स्टेरॉइडच्या पंपाचं व्यसन लागत नाही. ओढून झालं की चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. डोस कमी करता येतो, पण तो डॉक्टरांनी, दमा काही महिने आटोक्यात राहिल्यावर. माझा झालाय कमी. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र ते करत नाहीत.

आईंना कधीपासून बरं वाटतंय, कुठल्या महिन्यापासून, ते नक्की लिहा. आणि मागच्या वर्षी त्याच महिन्यात कशा होत्या, तेही त्यांनाच विचारून.