शेवरले 350 ला नवे हेड बसवले, जुनेच पुशरॉड चालतील का?

तुम्ही विचारलंय की 1978 च्या शेवरले पिकअपमधल्या 350 इंजिनाचे लोखंडी हेड काढून बाजारातले ॲल्युमिनियमचे बसवले, कॅम आणि हायड्रॉलिक लिफ्टर (कॅमवर चालणारे, आतल्या तेलाने फट भरून काढणारे तुकडे) तेच आहेत, तर जुने पुशरॉड (लिफ्टरची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे) घालावेत का. मोजल्याशिवाय घालू नका. आणि मोजल्याशिवाय नवे मागवूही नका.

या इंजिनाची मूळ लांबी साधारण 7.8 इंच. पण तो आकडा कारखान्यातल्या हेडसाठी आहे. हेड बदललं की व्हॉल्व्हची लांबी, स्टडची जागा, गॅस्केटची जाडी यात थोडाथोडा फरक पडतो आणि तो सगळा शेवटी पुशरॉडवर येतो.

इथे बहुतेकांची गल्लत होते ती नटामुळे. तुमच्या इंजिनात रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) स्टडवर नटाने बसतो, त्यामुळे पुशरॉड चुकीच्या लांबीचा असला तरी नट फिरवून खडखड बंद करता येते. इंजिन गप्प झालं की माणूस निश्चिंत होतो. पण नट ठरवतो तो फक्त प्रीलोड, म्हणजे लिफ्टर आतून किती दाबून ठेवायचा ते. रॉकर कोणत्या कोनात फिरणार, हे पुशरॉडची लांबी ठरवते. ती चुकली तर रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या टोकावर गरजेपेक्षा जास्त घसटत राहतं, व्हॉल्व्हला आडवा रेटा बसतो आणि तो ज्या नळीत सरकतो ते गाईड झिजतं.

मोजायला लांबी कमी-जास्त करता येणारा चेकर पुशरॉड घ्या. एका सिलेंडरच्या दोन्ही व्हॉल्व्हना हलक्या स्प्रिंगा लावा, नाहीतर लिफ्टर आतून दबतो आणि माप खोटं येतं. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई फासा, नट शून्य फटीवर आणा (फट संपेल, पण दाब येणार नाही इतकाच), स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. रॉकर उचलून बघा: शाई पुसून धातूची चकचकीत पट्टी उमटलेली दिसेल. चेकरची लांबी थोडी बदला, पुन्हा शाई, पुन्हा दोन फेरे. पट्टी सगळ्यात अरुंद येते ती तुमची लांबी. पट्टी मधोमध यावी म्हणून लोक जिवाचा आटापिटा करतात, पण माझ्या मते अरुंदपणाला आधी मान द्यावा. अरुंद पट्टी अगदी कडेला जात असेल तर दोष लांबीत नाही, रॉकर किंवा स्टडच्या जागेत शोधा. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वेगवेगळे तपासा.

मिळालेल्या मापात प्रीलोडचे सुमारे 0.030 इंच मिळवा.

हेडवर गाईडप्लेट (पुशरॉडला रेषेत धरणाऱ्या पट्ट्या) असतील तर पुशरॉड कडक केलेलेच हवेत, साधे त्या घासून खातात. आणि गाईडप्लेटसोबत सेल्फ-अलाइनिंग रॉकर (व्हॉल्व्हच्या टोकावर स्वतःच रेषेत राहणारे) कधीही लावू नका, दोघंही रॉकरला आपापल्या रेषेत ओढतात.

ऑर्डर देताना लांबी कशी मोजतात ते दुकानदाराला विचारा. टोकाच्या गोळ्यांना तेलाची भोकं असल्याने कॅलिपरचं माप पूर्ण गोळा धरून काढलेल्या मापापेक्षा साधारण 0.017 इंच कमी येतं.