जंतू नाही, जखम नाही, तरी अंगठा का पेटतो?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. रात्री जेवून धडधाकट झोपले आणि पहाटे उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजलेला. चादर लागली तरी कळवळतात, अंगात कणकणही आहे. डॉक्टर म्हणाले, गाऊट आहे, जंतुसंसर्ग नाही, अँटिबायोटिक नको. मार लागला नाही, काटा मोडला नाही. मग शरीर लढतंय कुणाशी? प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलाचा काढा सुरू करू का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काढ्याचं आधी सांगते. नको. वडिलांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, नको तेवढी कामाला लागली आहे. ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र करोनानंतर घराघरांत शिरलाय, पण या दुखण्यात वाढवण्यासारखं काही नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. अशा सांध्यातलं पाणी माझ्याकडे तपासायला यायचं तेव्हा गढूळ, जवळजवळ पुवासारखं दिसायचं. पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, मात्र काहीच उगवायचं नाही. तेच पाणी ध्रुवीकृत प्रकाशात पाहिलं की चमकणाऱ्या सुया दिसतात, एका दिशेला पिवळ्या, काटकोनात निळ्या. काही सुया तर पेशीच्या पोटातून आरपार गेलेल्या. हे सोडियम युरेटचे, म्हणजे यूरिक ॲसिडच्या क्षाराचे स्फटिक. गाऊटच्या सांध्यात ते असतात हे मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी १९६१ मध्ये दाखवलं. पण सूज त्यांच्यामुळेच येते कशावरून? पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि फेअर्स यांनी ते स्फटिक स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांत दोघेही वेदनेने हैराण! आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हा उद्योग करू दिला नसता.

आता तुमचा खरा प्रश्न. रोगप्रतिकारक यंत्रणा ‘आपलं’ आणि ‘परकं’ ओळखते, असं आम्हाला शिकवलं होतं. त्या हिशेबाने युरेट आपल्याच शरीरातलं, त्यावर हल्ला व्हायला नको. १९९४ मध्ये रोगप्रतिकारशास्त्रज्ञ पॉली मॅट्झिंगर यांनी वेगळी मांडणी केली : यंत्रणा परकेपणापेक्षा धोक्याला प्रतिसाद देते. नवा माणूस दिसला म्हणून गाव धावत नाही, घर पेटलं की धावतं. (या बाईंनी १९७८ च्या एका शोधनिबंधात आपल्या कुत्रीचं नाव सहलेखक म्हणून घातलं होतं. मला त्या तेव्हापासूनच आवडतात.) त्यांचं सगळंच म्हणणं सर्वांना पटलेलं नाही, पण गाऊट समजायला ते फार उपयोगी पडतं.

पेशीच्या आत यूरिक ॲसिड भरपूर असतं. पेशी फुटून मेली की ते बाहेर सांडतं, बाहेरच्या सोडियमशी गाठ पडून त्याचे बारीक स्फटिक होऊ शकतात, आणि आसपासच्या पेशींना कळतं की इथे काही तरी मेलंय. मरणाऱ्या पेशींतून निघणारा असा इशारा म्हणून यूरिक ॲसिडच हाती आलं ते २००३ मध्ये, अमेरिकेत केनेथ रॉक यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे इशारा मुळात कामाचा. वडिलांच्या अंगठ्यात पेशी मेल्याच नाहीत, रक्तात जास्त झालेलं युरेट तिथे साचत गेलं. अंगठा शरीराच्या मानाने थंड, आणि थंडाव्यात युरेट कमी विरघळतं. सांध्यातल्या मॅक्रोफेज पेशी हे स्फटिक गिळतात. मग त्यांच्या आत एनएलआरपी-३ नावाच्या प्रथिनाभोवती एक जुळणी उभी राहते (हे २००६ मध्ये लोझानच्या युर्ग चोप यांच्या गटाने दाखवलं) आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन बाहेर पडतं. त्यानेच ताप, त्यानेच लाली, त्याच्याच हाकेला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची फौज. जंतू आल्यावर जे होतं तेच सगळं, फक्त जंतू नाही.

बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून ताप चढला, हुडहुडी भरली किंवा दुखणं उतरेना, तर सांध्यातलं पाणी तपासायला सांगा. सांध्यात खरोखर पू झाला असेल तर तिथे उशीर परवडत नाही.

प्रश्न : त्याच दिवशी रक्तातलं यूरिक ॲसिड ६.१ आलं. लॅबच्या हिशेबाने नॉर्मल. निदान चुकलं का?

उत्तर : नाही. ऐन झटक्यात हा आकडा खाली येऊ शकतो. दुखणं उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. ६.८ च्या वर युरेट रक्तात नीट विरघळून राहत नाही, म्हणून उपचारात तो ६ च्या खाली ठेवायचा असतो. उलट, आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं तपासत बसू नका.

प्रश्न : शेजारी म्हणतात डाळी, पालक, टोमॅटो बंद करा. आणि कळलावीचा कंद उगाळून लावा, पोटातही द्या.

उत्तर : वरणभात खुशाल खाऊ द्या. जास्त त्रास मटण, कलेजी, मासळी, बिअर आणि गोड कोल्ड्रिंकचा. चिपळूणच्या माणसाला मासळी कमी करा म्हणणं जिवावर येतं, पण म्हणते. ताक-दूध चालेल.

कळलावीबाबत शेजाऱ्यांचं अर्धंच बरोबर आहे. गाऊटचं जुनं औषध कोल्चिसिन त्या झाडात खरंच असतं. न्यूट्रोफिलची धावपळ त्याने मंदावते. पण गोळीत ते मोजून अर्धा मिलिग्रॅम असतं, कंदात किती ते कुणी मोजलेलं नसतं. कळलावी खाऊन माणसं दगावली आहेत. पोटात अजिबात देऊ नका, बाहेरूनही लावू नका. मूत्रपिंडं कमजोर असतील तर गोळीचा डोसही कमी करावा लागतो, तेव्हा पुढच्या खेपेला वडिलांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.