'तोंडदेखला न्याय' : शब्द चुकलाय का?

प्रश्न असा आलाय की बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (७:२४) "तोंडदेखला न्याय करू नका, तर यथार्थ न्याय करा" असं वाक्य आहे, पण तोंडदेखलं म्हणजे तर समोरच्याला बरं वाटावं म्हणून केलेलं, तोंडदेखली चौकशी, तोंडदेखलं कौतुक, मग येशू इथे खोटा-खोटा न्याय करू नका म्हणतोय का, की भाषांतरात गडबड झालीय? आणि जोडीला उपप्रश्न, "जज करू नका" ला धड मराठीत काय म्हणायचं.

गडबड नाहीये. माझ्या मते तर त्या जागी याच्याइतका फिट बसणारा शब्द मराठीत दुसरा मिळणं अवघड आहे, फक्त आज तो चटकन तसा वाचला जात नाही एवढंच.

तोंड अधिक देखणे, झाला शब्द. म्हणजे तोंड बघून केलेलं. पण तोंड बघून काय केलं हे शब्द स्वतः सांगतच नाही. माणूस समोर आहे तोवर गोड बोललो आणि पाठ वळली की विसरलो, हा एक प्रकार आणि बोलण्यात आता तेवढाच उरलाय. दुसरा म्हणजे समोर कोण उभा आहे ते बघून निकाल फिरवला. हा दुसरा अर्थ काही मेलेला नाही, "तोंड बघून टिळा लावणे" म्हणतो तेव्हा आपण तोच वापरतो. "कुणाचाही मुलाहिजा न ठेवता" मधला मुलाहिजा घ्या, तो अरबीतून आलाय आणि त्याच्याही मुळाशी बघणंच आहे. बघणं आणि भीड पडणं ही जोडगोळी बऱ्याच भाषांत एकत्र फिरते.

आता मूळ ग्रीक. तिथे शब्द आहेत 'कात ऑप्सिन', म्हणजे ऑप्सिसवरून, दिसण्यावरून. नव्या करारात (बायबलच्या येशूपासूनच्या भागात) हा ऑप्सिस शब्द फक्त तीन ठिकाणी येतो. एक हे. दुसरं याच शुभवर्तमानात ११:४४ ला, लाजर कबरेतून बाहेर येतो तेव्हा त्याचं तोंड रुमालाने गुंडाळलेलं असतं, ते तोंड म्हणजे ऑप्सिस. तिसरं प्रकटीकरण १:१६, तिथेही चेहराच, सूर्यासारखा तेजस्वी. म्हणजे ग्रीक शब्दात बघणं पण आहे आणि तोंड पण आहे, आणि आपल्या शब्दातही तोंड आहे आणि देखणं आहे. भाषांतर करणाऱ्याने हे मुद्दाम जुळवलं की सहज जमून गेलं ते सोडा, जमलंय मात्र झकास.

यावर कुणी म्हणेल की अहो तिथे भानगड शब्बाथाची (ज्यूंच्या काम न करण्याच्या पवित्र दिवसाची) आहे, तोंडाचा काय संबंध, "वरवर पाहून" म्हटलं असतं तर भागलं असतं. म्हणून तो अख्खा सातवा अध्याय वाचावा लागतो, एक ओळ उचलून कार्डावर छापली की हे निसटतं. येशूने आधी (पाचव्या अध्यायात) अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला शब्बाथाच्या दिवशी बरं केलेलं असतं आणि त्यावरून लोक खवळलेले असतात. मग मंडपाच्या सणात तो मंदिरात शिकवत असताना हा विषय पुन्हा निघतो आणि तो म्हणतो की मोशेचं नियमशास्त्र मोडू नये म्हणून तुम्ही शब्बाथ असला तरी मुलाची सुंता करता, ते चालतं, आणि मी त्याच दिवशी एक अख्खा माणूस बरा केला तर राग का? म्हणजे वरून बघितलं तर दोन्ही शब्बाथाला केलेली कामंच, पण एकाला सूट आणि दुसऱ्यावर ठपका. आणि ठपका कुणावर, तर ज्याच्याबद्दल थोडं आधी (७:१५) लोक नवल करत असतात की हा शिकलेला नसताना याला विद्या कशी आली, आणि पुढे ७:४१ आणि ७:५२ मध्ये गालीलातून (येशू त्याच प्रांतातला) ख्रिस्त कसा येईल, संदेष्टा कसा येईल असं बोललं जातं. म्हणजे काम तर बघितलं जातच होतं पण करणाऱ्याचं तोंडही बघितलं जात होतं, शिक्षण काय, गाव कुठलं. "वरवर पाहून" मध्ये हा भाग येत नाही, तोंडदेखला मध्ये येतो.

आणि हे तोंड काही ग्रीकपासून सुरू झालेलं नाही. हिब्रूत, म्हणजे जुन्या कराराच्या भाषेत, 'नासा पानीम' म्हणजे शब्दशः तोंड वर उचलणं, म्हणजे कुणावर मर्जी करणं, याचा उलगडा साधारण असा करतात की याचना करणारा जमिनीकडे तोंड करून वाकलेला असतो आणि राजी झालेला धनी त्याचं तोंड वर करतो. कृपा म्हणून हे चांगलंच आहे, पण न्यायाला बसलेल्याने केलं की घोळ. लेवीय १९:१५ मध्ये हाच शब्दप्रयोग आहे आणि तिथली गंमत लोकांच्या लक्षात येत नाही, तिथे गरिबाचंही तोंड उचलू नको आणि थोराच्याही तोंडाचा मान राखू नको असं दोन्ही आहे. आपल्याला वाटतं बाह्य रूपाला भुलू नका म्हणजे श्रीमंताला भुलू नका, तर तसं एकतर्फी नाही, गरीब दिसतोय म्हणजे खरंच बोलत असणार हाही तोंडदेखला न्यायच.

याच हिब्रू प्रयोगाचं आधी ग्रीकमध्ये 'तोंड घेणं' असं सरळसोट भाषांतर झालं आणि नव्या कराराच्या काळात त्याचा 'प्रोसोपोलेम्प्सिया' असा लांबलचक जोडशब्द झाला. मराठीत त्याला पक्षपात म्हणतात. बरोबर आहे, पण पक्षपातात पक्ष आला आणि तोंड गेलं, याची मला थोडी हळहळ वाटते. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी येशूचा शिष्य पेत्र म्हणतो (प्रेषितांची कृत्ये १०:३४) की देव पक्षपाती नाही, तिथे मूळ शब्दाचा सूर "देव तोंडं बघणारा नाही" असा आहे.

याकोबाच्या पत्रात (२:१ पासून) तर हे डोळ्यासमोर घडताना दिसतं. सभेत दोघं येतात, एकाच्या बोटात सोन्याची अंगठी आणि अंगावर झगझगीत कपडे (ग्रीकमध्ये तिथे जवळजवळ 'सोनबोट्या' म्हणावं असा शब्द आहे), दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला, या इकडे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला, तू तिथे उभा राहा नाहीतर इथे माझ्या पायापाशी बस. कुणी शिवी दिली नाही, हाकललं नाही, नुसती जागा दाखवली, आणि याकोब तेवढ्यावरच म्हणतो की तुम्ही वाईट विचाराने न्याय करणारे झालात. इथे दोन्ही अर्थ एकदम सापडतात बघा, अंगठीवाल्याचं स्वागत आपल्या रोजच्या अर्थानेही तोंडदेखलं आणि जुन्या अर्थानेही.

शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला जातो ती गोष्ट (१ शमुवेल १६) बहुतेकांना माहीत असते, इशायचा उंच देखणा मोठा मुलगा अलीयाब बाजूला राहतो आणि मेंढरं राखणाऱ्या धाकट्या दाविदाचा अभिषेक होतो, माणूस डोळ्यांना दिसतं ते बघतो, परमेश्वर हृदय बघतो. फक्त त्याच अध्यायात पाच वचनांनंतर दाविदही डोळ्यांनी सुंदर होता असं लिहून ठेवलंय, लेखकाला राहवलं नाही बहुतेक. पण मुद्दा पक्का राहतो, देखणेपणा आड आला नाही आणि कामीही आला नाही.

आता उपप्रश्न. मत्तय ७:१ मध्ये "कोणाचे दोष काढू नका" आहे आणि योहानात "यथार्थ न्याय करा", मग न्याय करायचा की नाही करायचा असं कोड्यात पडायला होतं कारण ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे, 'क्रिनो'. त्याचा आवाका मोठा आहे, निवडणं, ठरवणं, निवाडा करणं, दोषी ठरवणं. मराठीने संदर्भ बघून त्याचे दोन शब्द केले हे मला योग्यच वाटतं, मत्तयात पुढे लगेच भावाच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ येतं म्हणजे तिथे दोष शोधत बसण्याबद्दलच चाललंय, आणि आधी मुसळ काढ मग कुसळ काढायला तुला नीट दिसेल असंही म्हटलंय, म्हणजे कुसळाकडे कायमची डोळेझाक करा असं काही सांगितलेलं नाही.

त्यामुळे "जज करू नका" ला एकच शब्द चिकटवू नका. कुणी कुणाच्या कपड्यांवरून, बोलण्यावरून टोमणे मारत असेल तर आपला रोजचा "नावं ठेवू नका" आहे, तो जज करण्यापेक्षा जास्त झोंबतो. चुका शोधत बसलाय तर "दोष काढू नका". नुसतं बघून मत बनवलं असेल तर "दिसण्यावरून ठरवू नका". आणि एकाला एक नियम, दुसऱ्याला दुसरा असं चाललं असेल तर बिनधास्त "तोंडदेखला न्याय करू नका" लिहा, फक्त नव्या वाचकासाठी मागे-पुढे एखादं वाक्य असं टाका की खोटं-खोटं हा अर्थ त्याच्या डोक्यात आधी येणार नाही.