वाचकांचे प्रश्न: लायब्ररी लिहून झाली, आता लोकांपर्यंत पोचवायची कशी?

प्रश्न: मी एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी लिहिलीय, १,२५,००० दिले की "एक लाख पंचवीस हजार" असं अक्षरी करून देते. कोड गिटहबवर ओपन सोर्स ठेवलाय. आता लायब्ररी वाटायच्या जागांपैकी एक जण म्हणतो बावरवर टाका, दुसरा म्हणतो एनपीएमवर, तिसऱ्याला नुसती स्क्रिप्ट टॅगची (पेजच्या एचटीएमएलमध्ये चिकटवायची) लिंक पाहिजे. सगळीकडे वेगवेगळं टाकत बसायचं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: अजिबात नाही. एनपीएमवर टाका आणि बाकीचं सोडून द्या. (आधी हे सांगतो की लायब्ररीची कल्पना चांगली आहे, कारण देवनागरी आकडे आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम ब्राउझरमधलं इंटल (आकडे भाषेप्रमाणे लिहायची सोय) 'एमआर-आयएन' म्हणजे मराठी लोकॅल दिलं की स्वतःच करून देतं, पण अक्षरी रक्कम ते देत नाही.)

बावरचं नाव अजून निघतं त्यामागे जुना इतिहास आहे. एनपीएम २०१० साली आयझॅक श्लूटरने काढलं ते नोडसाठी, म्हणजे सर्व्हरवरच्या कोडसाठी. तिथे प्रत्येक पॅकेजच्या पोटात त्याच्या डिपेन्डन्सीची (ते ज्यांच्यावर अवलंबून त्या पॅकेजेसची) वेगळी कॉपी असायची आणि सर्व्हरवर त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, पण ब्राउझरमध्ये दोन दोन जेक्वेरी पाठवल्या तर पेज रडणारच. म्हणून २०१२ मध्ये ट्विटरच्या लोकांनी बावर आणलं, त्यात सगळं सपाट, एका लायब्ररीचं एकच व्हर्जन, भांडण झालं तर ते तुम्हालाच विचारणार की कुठलं ठेवू. आणि गंमत म्हणजे बावरच्या रजिस्ट्रीत (पॅकेजेसच्या नोंदवहीत) फाइल नसतातच, नाव आणि गिटची यूआरएल एवढंच. एकदा रजिस्टर केलं की पुढे गिटमध्ये टॅग (व्हर्जनची खूण) मारला की रिलीज झाली.

ऐकायला झकास आहे, पण याचा अर्थ बिल्ड केलेल्या (वापरायला तयार बनवलेल्या) फाइलसुद्धा गिटमध्ये कमिट कराव्या लागतात, आणि ते ज्यांना नको होतं त्यांनी फक्त बावरसाठी वेगळ्या रिपॉझिटरी काढल्या, अँग्युलरजेएसवाल्यांनी 'बावर-अँग्युलर' नावाने तेच केलं होतं. पुढे ब्राउझरिफाय आणि वेबपॅक (एनपीएमचा कोड ब्राउझरसाठी एकत्र बांधून देणारी साधनं) रुळले, २०१५ ला एनपीएम ३ नेसुद्धा जमेल तितकं सपाट इन्स्टॉल करायला सुरुवात केली, आणि बावरची गरजच संपली. आता बावरची स्वतःची साइट नव्या प्रोजेक्टला दुसरं काहीतरी वापरा म्हणून सांगते. बावर इन्स्टॉल करायलासुद्धा एनपीएमच लागायचं, यातच काय ते आलं! तुमच्या त्या बावर मागणाऱ्या युजरला रजिस्ट्रीची गरज नाही, बावर थेट गिटहबचा पत्ता घेतं, बिल्डची फाइल तेवढी टॅगमध्ये असली पाहिजे.

यार्न, पीएनपीएम (इन्स्टॉल करायची दुसरी साधनं) वापरणारेही एनपीएमच्याच रजिस्ट्रीतून उचलतात, त्यांच्यासाठी वेगळं काही करू नका. स्क्रिप्ट टॅगवाल्यांचंही तसंच. जेएसडिलिव्हर आणि अनपीकेजी हे दोन्ही सीडीएन (फाइल थेट लिंकवरून देणाऱ्या सेवा) एनपीएमवरचं पॅकेज आपोआप देतात, तुम्ही कुठे अर्ज करायचा नाही. पॅकेज डॉट जेसनमध्ये (पॅकेजची माहिती ठेवायच्या फाइलमध्ये) त्यांच्या नावाच्या की, म्हणजे नोंदी, लिहून ब्राउझरची फाइल कुठली ते सांगा, आणि रीडमीमध्ये लिंक देताना व्हर्जन नंबरासकट द्या, नाहीतर लोक बिननंबरची लिंक चिकटवतात आणि तुम्ही २.० काढलं की त्यांची साइट आपोआप बदलते. सीडीएनजेएसचं निराळं आहे, तिथे लायब्ररी त्यांच्या यादीत यावी लागते, ते नंतर कधीतरी बघा.

प्रश्न: एनपीएम पब्लिश केलं, एरर काही नाही, साइटवर पॅकेज दिसतंय. पण दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करून इम्पोर्ट केलं की मॉड्यूल सापडत नाही म्हणतं. माझ्याकडे तर चालतं.
— पुण्याहून

उत्तर: तुमच्याकडे चालणारच, कारण तुमच्याकडे बिल्डमधून तयार झालेला डिस्ट फोल्डर आहे. पब्लिश झालेल्या पॅकेजमध्ये तो बहुतेक गेलेलाच नाही. होतं काय की डिस्ट आपण गिटइग्नोरमध्ये (गिटने काय वगळायचं त्या यादीत) टाकतो, ते बरोबरच आहे, पण एनपीएमइग्नोर फाइल नसेल आणि पॅकेज डॉट जेसनमध्ये फाइल्सची यादीही नसेल तर एनपीएम गिटइग्नोरच वाचतं आणि डिस्ट गाळून बाकीचं सगळं पाठवतं. म्हणजे टेस्ट गेल्या, लिंटरचं कॉन्फिग गेलं, डेमोचे फोटो गेले, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप तेच घरी राहिलं.

'फाइल्स' ही की लिहा आणि त्यात फक्त डिस्ट द्या. रीडमी, लायसन्स आणि पॅकेज डॉट जेसन तसेही जातातच. काय वगळायचं याची यादी करण्यापेक्षा काय पाठवायचं याची यादी मला कधीही बरी वाटते, कारण उद्या फोल्डरमध्ये पासवर्डवाली एनव्ही फाइल आली आणि वगळायच्या यादीत लिहायची राहिली तर ती जगभर जाईल. बिल्डची कमांड 'प्रीपब्लिशओन्ली' स्क्रिप्टमध्ये (पब्लिशच्या आधी आपोआप चालते त्या) टाका म्हणजे जुनाच डिस्ट जायचा नाही.

मग पब्लिशच्या आधी एनपीएम पॅक, ड्राय-रन लावून चालवा, आत काय काय चाललंय त्याची यादी साइझसकट येते. ती खरंच वाचा. त्याच्याही पुढे जायचं तर ड्राय-रन न लावता पॅक करा, जी टीजीझेड फाइल मिळते ती रिकाम्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करून बघा. 'एनपीएम लिंक' या कमांडवर विसंबू नका, ते तुमच्याच फोल्डरकडे बोट दाखवतं त्यामुळे नेमका हाच घोळ त्यात दिसत नाही.

अजून एक, 'एक्सपोर्ट्स' की वापरलीत तर त्यात लिहिलेल्या वाटांशिवाय बाकी सगळ्या बंद होतात. आधीपासून कुणी आतली फाइल थेट इम्पोर्ट करत असेल तर त्याचं तुटणार, म्हणून चालू लायब्ररीत ही की नव्याने घालणं म्हणजे मेजर व्हर्जन, नंबरातला पहिला आकडा वाढवायचा. फॉरमॅटचं म्हणाल तर मी आता ईएस मॉड्यूल (इम्पोर्टने घ्यायचं रूप) आणि स्क्रिप्ट टॅगसाठी एक सरळ ग्लोबल फाइल, एवढंच ठेवीन. नोड २२.१२ पासून रिक्वायरनेही ईएस मॉड्यूल उचलता येतं, त्यामुळे कॉमनजेएसची (नोडच्या जुन्या, रिक्वायरवाल्या रूपाची) वेगळी कॉपी जुन्या नोडवर युजर असतील तरच.

प्रश्न: चुकीचं व्हर्जन गेलं. काढून टाकून त्याच नंबराने परत टाकता येईल का? आणि नंबर वाढवायचा कसा, कशाला पॅच म्हणायचं?
— सांगलीच्याच वाचकांचा पुढचा प्रश्न

उत्तर: त्याच नंबराने नाही, कधीच नाही. नाव आणि व्हर्जनची जोडी एकदा वापरली की वापरली, अनपब्लिश केलं तरी. आणि अनपब्लिशसुद्धा पहिल्या ७२ तासांत, तेही दुसरं कुठलं पॅकेज तुमच्यावर अवलंबून नसेल तर. नंतर अटी वाढतात, आठवड्याची डाउनलोड ३०० च्या खाली आणि मालक एकच, वगैरे. हा कडकपणा २०१६ च्या मार्चमधल्या लेफ्ट-पॅड प्रकरणापासूनचा. किक नावाच्या पॅकेजवरून वाद झाला, लेखकाने चिडून आपली सगळी पॅकेजेस काढली, त्यात हे ११ ओळींचं होतं आणि त्याच्यावर आडून आडून बॅबेलसारखी मोठी मंडळी उभी होती. जगभर बिल्ड पडले आणि एनपीएमला ते पॅकेज स्वतः परत आणावं लागलं.

तेव्हा चूक झाली तर दुरुस्त करून पुढचा पॅच काढा आणि चुकलेल्या व्हर्जनवर डेप्रिकेटचा ('हे वापरू नका') मेसेज लावा, इन्स्टॉल करणाऱ्याला तो दिसतो. बीटा टाकताना '--टॅग बीटा' विसरू नका, नवं एनपीएम त्याशिवाय अडवतं पण जुनं बीटालाच 'लेटेस्ट' करून मोकळं होतं.

नंबराचं म्हणाल तर त्यात तीन आकडे असतात, मेजर (जुनं मोडणारा बदल), मायनर (नवी भर) आणि पॅच (नुसती दुरुस्ती). लोकांच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये बहुतेक ^१.४.० असं असतं, म्हणजे लॉकफाइल (नेमकी व्हर्जन पक्की करणारी फाइल) नसेल तर २ च्या आतलं काहीही त्यांच्याकडे न विचारता येतं. तुमच्या लायब्ररीत फंक्शन तेच राहील हो, पण उद्या तुम्ही "एकूणपन्नास"चं "एकोणपन्नास" केलंत आणि कुणाच्या पावतीच्या टेस्टमध्ये जुनी स्ट्रिंग जशीच्या तशी तपासलेली असेल तर त्यांचं मोडलंच ना. इथे आउटपुट हाच करार आहे, त्यामुळे सरळ चुकीचा शब्द दुरुस्त करणं पॅच, दोन्ही चालणाऱ्या रूपांपैकी एक सोडून दुसरं धरणं मेजर, असं मी धरीन. किंवा दुसरं रूप ऑप्शन म्हणून द्या आणि मायनरवर भागवा.

प्रश्न: गिटहब अ‍ॅक्शन्समधून ऑटोमॅटिक पब्लिश करायचंय, टोकन (पब्लिशची गुप्त किल्ली) सीक्रेटमध्ये ठेवलं की झालं ना?
— ठाणे

उत्तर: चालेल, पण नकोच. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग असल्या तुफान चालणाऱ्या पॅकेजेसच्या मेंटेनरला एनपीएमच्या नावाने खोटा मेल आला, त्याने टू-फॅक्टरची माहिती भरली आणि पॅकेजेसमध्ये क्रिप्टो चोरणारा कोड गेला. त्याच महिन्यात शाय-हुलुद नावाचा वर्म आला, तो मशीनवर सापडलेली टोकन वापरून त्या माणसाच्या बाकीच्या पॅकेजेसमध्ये स्वतःला पब्लिश करत सुटायचा. लहान लायब्ररीला कोण विचारतो असं म्हणू नका, वर्म डाउनलोड मोजून येत नाही.

त्यापेक्षा २०२५ मध्ये आलेलं ट्रस्टेड पब्लिशिंग वापरा. कुठल्या रिपॉझिटरीतल्या कुठल्या वर्कफ्लोला परवानगी ते एनपीएमच्या पॅकेज सेटिंगमध्ये लिहायचं, मग प्रत्येक वेळी थोड्या वेळापुरती परवानगी मिळते आणि चोरायला टोकनच उरत नाही. फक्त ते सेटिंग पॅकेज रजिस्ट्रीत असल्याशिवाय उघडत नाही, म्हणून पहिलं व्हर्जन आपल्या मशीनवरून टू-फॅक्टर लावून हाताने टाका, आणि नावात @ वालं स्कोप असेल तर '--अ‍ॅक्सेस पब्लिक' लावा, नाहीतर ते प्रायव्हेट समजून पैसे मागत बसेल.